पाच वेळा सूट घेतलेला माणूस आणि गप्प बसलेले सेनाधिकारी

रेवती_एनजे (धागाकर्ती)

धाकट्याला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. आमची ग्रीनकार्डं आहेत, त्यामुळे त्याला 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस'मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सैन्यभरतीच्या यादीत, नाव नोंदवावं लागतं. इथली सक्तीची भरती १९७३ साली थांबली, पण १९८० मध्ये नोंदणी पुन्हा सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. उद्या गरज पडलीच तर बोलवायला यादी हाताशी हवी, एवढ्यासाठी. नागरिक असो की ग्रीनकार्डवाला, मुलगा अठराचा झाला की नाव द्यायचं. तो लॅपटॉपवर अर्ज भरत होता, मी मागे उभी होते. पाच मिनिटांचं काम. अर्ज गेल्यावर त्याने वळून विचारलं, "आई, ट्रम्पनीपण हे केलं होतं का?"

त्याला जे सांगितलं ते तुटक होतं. इथे नीट लिहिते.

हो, नाव नोंदवलं होतं. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि सक्तीची भरतीही. कॉलेजात शिकणाऱ्यांना सूट मिळे, ती त्यांना चार वेळा मिळाली. मे १९६८ मध्ये पदवी हातात आली आणि सूट संपली. ऑक्टोबर १९६८ मध्ये पाचवी सूट मिळाली, वैद्यकीय. कारण टाचेचं हाड वाढलंय. क्वीन्समधल्या पायांच्या डॉक्टरने ते निदान दिलं असं त्या डॉक्टरच्या मुलींनी २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं. त्या डॉक्टरचा दवाखाना ट्रम्पच्या वडिलांच्या इमारतीत भाड्याने होता. पुढे एका मुलाखतीत ट्रम्प म्हणाले की भरतीच्या सोडतीत आपला नंबर फार वरचा आला (नंबर जितका मोठा तितकं बोलावणं उशिरा) म्हणून वाचलो. नंबर खरंच वरचा होता, ३५६. पण ती सोडत १ डिसेंबर १९६९ ची. टाचेचं सर्टिफिकेट त्याच्या वर्षभर आधीचं आहे.

इथपर्यंत मला त्यांच्याबद्दल फारसा राग नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला मरायला जायचं नसेल तर मी आई म्हणून त्याला दोष देणार नाही. लाखो मुलांनी सूट घेतली.

राग पुढचा आहे. जुलै २०१५ मध्ये आयोवातल्या एम्समध्ये भर सभेत ते सेनेटर जॉन मकेनबद्दल म्हणाले की हा युद्धवीर नाही, पकडला गेला म्हणून याला वीर म्हणतात, मला न पकडले जाणारे आवडतात. मकेन कोण? २६ ऑक्टोबर १९६७ ला हनोईवर विमान पाडलं गेलं, दोन्ही हात आणि एक पाय मोडलेला हा माणूस तळ्यात पडला. वडील नौदलात अ‍ॅडमिरल. १९६८ च्या उन्हाळ्यात तेच वडील पॅसिफिकमधल्या सगळ्या अमेरिकन फौजांचे प्रमुख झाले, तेव्हा व्हिएतनामींनी मुलाला लवकर सोडायची तयारी दाखवली. तो म्हणाला, माझ्याआधी पकडलेले आधी सुटतील. मार्च १९७३ मध्ये सुटला. साडेपाच वर्षं.

दोघांसाठीही बापाच्या नावाने दार उघडत होतं, तेही एकाच वर्षी. एक त्यातून बाहेर पडला, दुसऱ्याने ते उघडं दार आपल्या हाताने लोटून घेतलं. आणि बाहेर पडलेला आत राहिलेल्याला शौर्य म्हणजे काय ते सांगतो.

आता क्वांटिको. ३० सप्टेंबर २०२५ ला जगभरातून शेकडो जनरल आणि अ‍ॅडमिरल व्हर्जिनियातल्या या सैनिकी तळावर बोलावले. आधी संरक्षणमंत्री हेगसेथ बोलले: जाडे जनरल नकोत, दाढ्या नकोत, पटत नसेल त्यांनी राजीनामा द्यावा. मग ट्रम्प तासाभराहून जास्त बोलले. म्हणाले की माझं आवडत नसेल तर उठून जा, अर्थात मग तुमचा हुद्दा गेला, भविष्य गेलं. सभागृह इतकं शांत होतं की ते स्वतःच म्हणाले, इतक्या शांत खोलीत मी कधी आलो नव्हतो.

मी ते थेट पाहिलं. त्या शांततेचं मला काहीतरी झालं. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली माणसं, कितीतरी जण इराक-अफगाणिस्तान करून आलेले, मांडीवर हात ठेवून बसली होती. तुम्हाला काय वाटतं? ज्याने स्वतः टाळलं त्याला हे बोलायचा अधिकार आहे का?

डेट्रॉईटकर

रेवतीताई, लेख पोटतिडकीने लिहिलाय, पण एकाच माणसावर आणि एकाच पक्षावर थांबू नका. बायडन यांनाही शिक्षणासाठी पाच वेळा सूट मिळाली होती, आणि १९६८ मध्ये दम्यामुळे वैद्यकीय सूट. पाचाचा आकडा तोच, सालही तेच. क्लिंटन यांचं १९६९ चं आरओटीसीच्या (कॉलेजातल्या सैनिकी प्रशिक्षणाच्या) कर्नलला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. भरतीपासून वाचवल्याबद्दल त्यात आभार मानलेत. कनेटिकटचे सेनेटर ब्लूमेंथाल व्हिएतनाममध्ये सेवा केल्यासारखं बोलत राहिले, २०१० मध्ये उघडकीस आलं की ते मरीनच्या राखीव दलात होते आणि देशाबाहेर गेलेच नव्हते.

आणि काबूल विसरू नका. २६ ऑगस्ट २०२१ ला विमानतळावर १३ अमेरिकन सैनिक गेले. शवपेट्या डोव्हरला आल्या तेव्हा बायडन घड्याळाकडे पाहत होते असं काही आईबाप रडून सांगत होते. आमच्या मुलांऐवजी स्वतःच्या मुलाबद्दलच बोलत राहिले, हीही तक्रार होती.

रेवती_एनजे

डेट्रॉईटकर, सगळं मान्य, आणि बरं झालं मांडलंत. ब्लूमेंथाल यांचं तर मला जास्तच खुपतं, कारण न गेल्याबद्दल गप्प राहणं वेगळं आणि गेलो होतो असं भासवणं वेगळं. बायडन यांचा मोठा मुलगा इराकला जाऊन आला होता, त्यामुळे बापाच्या मनात तोच येत असणार हे मी समजू शकते. पण समोर शवपेटी असलेल्या आईला ते ऐकवायचं नसतं.

फरक मी एवढाच करते: यांतल्या कोणी युद्धकैद्याला "तू पकडला गेलास" असं हिणवलं का?

गडकिल्ले_वाचक

विषय जुना आहे, व्हिएतनामच्या शंभर वर्षं आधीचा. यादवी युद्धात मार्च १८६३ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला, त्यात ३०० डॉलर भरून सुटता येत होतं किंवा बदली माणूस पाठवता येत होता. ३०० डॉलर म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. "श्रीमंतांचं युद्ध, गरिबांची लढाई" हे वाक्य तेव्हा घरोघरी होतं. जुलैमध्ये न्यूयॉर्कात दंगल पेटली, आणि तिच्यात सर्वांत जास्त हाल झाले ते निरपराध काळ्या लोकांचे.

ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी तेव्हा १५० डॉलर देऊन बदली माणूस पाठवला. घरी विधवा आई आणि बहिणी, दोन भाऊ आधीच सैन्यात होते, त्यामुळे कारण अगदीच पोकळ नव्हतं. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि माजी सैनिकांच्या पेन्शनच्या अर्जांवर काँग्रेसने मंजूर केलेल्या शेकडो विधेयकांवर त्यांनी नकाराधिकार वापरला. एकेक अर्ज स्वतः वाचत आणि हा खोटा, याची जखम युद्धातली नाही, असं लिहून परत पाठवत. काही अर्ज खरोखर खोटे असतीलही. पण विचार करा, पाय गमावलेल्या माणसाच्या अर्जावर निकाल कोण देतोय? ज्याच्या जागी दुसरा गेला तो. १८८७ मध्ये त्यांनी दक्षिणेचे जिंकलेले झेंडे परत करायचं ठरवलं तेव्हा माजी सैनिक इतके खवळले की आदेश मागे घ्यावा लागला.

दुसरी बाजूही सांगतो. थिओडोर रूझवेल्ट यांच्या वडिलांनीही बदली माणूस पाठवला होता, आणि मुलगा १८९८ मध्ये नौदल खात्यातली मोठी जागा सोडून क्यूबाला लढायला गेला. वडिलांचं ते न जाणं त्याला आयुष्यभर सलत होतं असं बरेच इतिहासकार मानतात.

कोयनाकाठ

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. अमेरिकेचं राजकारण मला फार कळत नाही, पण ते टाचेच्या हाडाचं वाचलं आणि जेवण गोड लागलं नाही.

गावाकडं मी सकाळी पोरांना भरतीची तयारी करून घेतो. पैसे घेत नाही. १६०० मीटर पळणं, बीमवर पुलअप, छाती ७७, फुगवून ८२. पळण्यात पास झालेली पोरं मेडिकलला गळतात. कुणाचे गुडघे एकमेकांना लागतात, कुणाचे तळवे सपाट. ओल्या पायाचा ठसा फरशीवर पूर्ण उमटला की पोराचा चेहरा उतरतो. मग नदीच्या वाळूत अनवाणी चालायचं, तळव्याखाली बाटली फिरवायची, बोटांनी खडे उचलायचे, महिनोन् महिने. एक पोरगा दोनदा सपाट तळव्यानं परत आला. तिसऱ्या वेळी वय निघून गेलं. माझ्या अंगणात बसून रडला तो, बापाच्या मयतीला रडला नव्हता इतका.

आमच्या पोरांना नोकरी पण पाहिजे असते, नुसतं देशप्रेम म्हणून कुणी येत नाही, खोटं का बोलू. पण पायात दोष निघू नये म्हणून देवाला नवस बोलणारी पोरं मी बघितली आहेत. पायात दोष निघावा म्हणून डॉक्टरकडं जाणारा माणूस पुढं सैन्याचा सरसेनापती होतो, हे मला त्या पोराला सांगता येणार नाही.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मेले. ती लढाई तर आपली पण नव्हती. तिथल्या म्हाताऱ्या बायका कुणाला सन्मान म्हणजे काय ते शिकवत नाहीत. पोरगा सुट्टीवर आला की भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि पाय धुवून घरात घेतात.

आणि ताई, ते गप्प बसलेले जनरल. त्यांना भित्रे समजू नका. आम्ही परेडला उभं असताना साहेब काही पण बोलला तरी नजर समोर. ते शिस्तीचं गप्प असतं. राग येत नाही असं नाही, राग कुठं ठेवायचा ते शिकवलेलं असतं.

रेवती_एनजे

काका, तुमचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. त्याला सपाट तळवे म्हणजे काय ते समजवावं लागलं. बाथरूममधून ओल्या पायाने येऊन त्याने फरशीवर ठसा उमटवून बघितला. काही बोलला नाही.

अनिकेत_व

मला थोडा विरोध करायचाय. कोयनाकाठ यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून.

लोकशाहीत सैन्यावर हुकूम मुलकी माणसाचाच चालला पाहिजे. गणवेश न घातलेल्याने सैनिकाला काही सांगू नये असा नियम केला तर शेवटी सैनिकच राज्य करतील. आपल्या शेजारी काय झालंय ते आपण पाहतो. फ्रँकलिन रूझवेल्ट कधी गणवेशात नव्हते, दुसरं महायुद्ध त्यांनी चालवलं. लिंकन यांची सैनिकी सेवा म्हणजे १८३२ मधले काही आठवडे. आपले यशवंतराव चव्हाण सैनिक नव्हते. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून मार खाल्लेल्या सैन्याचे ते संरक्षणमंत्री झाले आणि १९६५ च्या युद्धातही तेच होते.

तेव्हा "टाळलं" हा निकष धरला तर उद्या स्त्रिया, अपंग, शांततावादी, सगळ्यांचं तोंड बंद होईल. मी स्वतः सैन्यात गेलो नाही, मग मी संरक्षणावर बोलू नये का?

रेवती_एनजे

अनिकेत, जरूर बोला. हुकूम देण्याचा अधिकार मतपेटीतून येतो, तो मी कोणाचाच नाकारत नाही. रूझवेल्टने नॉर्मंडीला फौज पाठवली, तो त्याचा अधिकार होता. पण समोरच्याच्या धैर्याला गुण देण्याचा अधिकार मतपेटीतून येत नाही.

चव्हाणांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते सैनिक नव्हते, पण बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिले, तुरुंगात गेले. म्हणजे टाळणारे नव्हते. आणि हरलेल्या सैन्यासमोर गेल्यावर त्यांनी शौर्यावर प्रवचन दिलं नाही. बूट, बंदुका, नव्या डिव्हिजन, सेनाधिकाऱ्यांना कामात मोकळीक, हे बघितलं. सैनिकाला आपल्या मंत्र्याकडून तेच हवं असतं ना, काका?

आणि काकांनी जे गप्प राहण्याबद्दल लिहिलं त्याला इथे कायद्याचीही जोड आहे. अमेरिकेच्या लष्करी कायद्याच्या ८८ व्या कलमानुसार अधिकाऱ्याने राष्ट्राध्यक्षाबद्दल, संरक्षणमंत्र्याबद्दल, काँग्रेसबद्दल तुच्छतेचे शब्द काढले तर कोर्टमार्शल होऊ शकतं. कायदा योग्यच आहे, तुम्ही म्हणता त्याच कारणासाठी. पण म्हणूनच बोलणाऱ्यावर जबाबदारी दुप्पट येते. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यासमोर उभं राहून त्याची लाज काढणं, ही मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट आहे.

कोयनाकाठ

हो. आम्हाला थंडीचे बूट वेळेवर मिळाले की मंत्री चांगला.

पूर्वा_अटलांटा

रेवती, मी जॉर्जियात राहते, इथलं मॅक्स क्लीलंड यांचं प्रकरण या धाग्यात यायलाच हवं.

एप्रिल १९६८, व्हिएतनाममधल्या खे सान्हजवळ. हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर जमिनीवर हातबॉम्ब दिसला, आपलाच पडला असेल म्हणून उचलायला वाकले. दोन्ही पाय आणि उजवा हात गेला. वय २५. त्यातून उठून राज्याच्या राजकारणात आले, कार्टर यांच्या काळात माजी सैनिकांच्या खात्याचे प्रमुख झाले, १९९६ मध्ये सेनेटवर निवडून आले. २००२ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर होते सॅक्सबी चँब्लिस, ज्यांना व्हिएतनामच्या काळात शिक्षणाची आणि नंतर गुडघ्याची सूट मिळाली होती. चँब्लिस यांच्या जाहिरातीत आधी बिन लादेन आणि सद्दाम यांचे चेहरे, मग क्लीलंड यांचा, आणि देशाच्या सुरक्षेबाबत यांच्यात धैर्य नाही असा सूर. मुद्दा एका खात्याच्या कायद्यावरच्या मतदानाचा होता. तीन अवयव देऊन आलेल्या माणसाला!

क्लीलंड हरले. मकेन हे चँब्लिस यांच्याच पक्षाचे, तरी त्यांनी त्या जाहिरातीचा उघड धिक्कार केला. नंतरच्या काळात क्लीलंड नैराश्यात गेले, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा अंगावर आली, वॉल्टर रीड रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. त्यांनी हे स्वतः सांगितलंय. २०२१ मध्ये गेले.

तीच गत २००४ ची. डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांना तीन पर्पल हार्ट (युद्धात जखमी झाल्याची पदकं) मिळाली होती. रिपब्लिकन अधिवेशनात काही प्रतिनिधी हनुवटीवर, गालावर जांभळं हृदय काढलेल्या पट्ट्या चिकटवून आले, याच्या जखमा खरचटण्याएवढ्या होत्या असं दाखवायला. आणि त्याच रिपब्लिकन तिकिटावर उपाध्यक्षपदासाठी डिक चेनी, पाच वेळा सूट घेतलेले. १९८९ मध्ये संरक्षणमंत्री होताना ते म्हणाले होते की साठच्या दशकात माझ्यापुढे सैनिकी सेवेपेक्षा दुसरी प्राधान्याची कामं होती.

त्याच दशकात, १९६६ साली, ज्यांच्यापुढे दुसरं काम नव्हतं अशांना शोधायला तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी एक योजनाच काढली, 'प्रोजेक्ट १,००,०००'. बुद्धिमत्ता चाचणीत नापास होणाऱ्यांसाठी अट खाली आणली. तीन लाखांहून जास्त मुलं तिच्यातून भरती झाली, बरीच दक्षिणेतली, गरीब, त्यांत काळ्यांचं प्रमाण मोठं. दर महिन्याला स्थानिक भरती मंडळाला आकडा ठरवून दिलेला असे. एकाला सूट मिळाली की आकडा कमी होत नसे, यादीतला पुढचा जाई.

मनाली_कॅल

मुहम्मद अली यांचं नाव कोणीच घेतलं नाही? त्यांनीही जायला नकार दिला. पण एप्रिल १९६७ मध्ये ह्यूस्टनच्या भरती केंद्रात सगळ्यांसमोर उभं राहून. नाव पुकारलं, पुढे पाऊल टाकलं नाही. जगज्जेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा झाली, ऐन तारुण्यातली तीन वर्षं रिंगणाबाहेर. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली.

नकाराची किंमत स्वतः भरलेला माणूस हा. त्यांनी सैनिकांना सन्मान शिकवला असता तर मी ऐकलं असतं.

डेट्रॉईटकर

मनाली यांच्याशी सहमत. माझा आधीचा मुद्दा थोडा बदलतो. सूट किती वेळा घेतली हे मोजण्यापेक्षा नंतर तोंडातून काय आलं हे बघू. २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या सभेत एका माजी सैनिकाने ट्रम्पना आपलं पर्पल हार्ट दिलं. ते म्हणाले, मला हे नेहमीच हवं होतं, असं मिळणं फार सोपं गेलं. तेव्हा मी हसलो होतो. आज इथले प्रतिसाद वाचून ते हसू नको होतं असं वाटतंय.

आणि उत्तर कोणीच दिलं नाही असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये सेनेटर टॅमी डकवर्थ यांनी सेनेटमध्ये सांगितलं की सैन्याला काय हवं ते पाच वेळा सूट घेतलेल्या माणसाकडून मी ऐकून घेणार नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकात त्यांचं हेलिकॉप्टर रॉकेटने पाडलं, दोन्ही पाय गेले. त्यांचा गणवेश उतरलेला होता म्हणून त्यांना बोलता आलं.

अनिकेत_व

रेवतीताई, गुण देण्याबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. माझ्या मनात अजून एक अडचण आहे: हेगसेथ स्वतः इराक-अफगाणिस्तानला जाऊन आलेत. मग त्यांचं क्वांटिकोचं भाषण चालेल का?

रेवती_एनजे

तुमची अडचण खरी आहे. हेगसेथ गेले होते, त्यांना मी या यादीत घालणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण तो वाद वेगळा, आणि त्यांच्याशी तो बरोबरीने घालता येतो.

जाता जाता शेवटचं लिहिते. काल मुलाला घेऊन वॉशिंग्टनला गेले. व्हिएतनामच्या स्मारकाची ती काळी भिंत. दगड आपल्या बंगलोरकडचा आहे, हे त्याला सांगितल्यावर त्याने आधी दगडावर तळहात ठेवला. ५८ हजारांहून जास्त नावं. हुद्द्याप्रमाणे नाहीत, अकारविल्हे नाहीत, ज्या क्रमाने माणसं पडली त्या क्रमाने आहेत. त्यामुळे तारीख माहीत असेल तर जागा सापडते.

आम्ही ऑक्टोबर १९६८ शोधला. पश्चिमेकडच्या अंगाला आहे. त्याने वाकून वाचायला सुरुवात केली, पुटपुटत, एकेक नाव. मी मागे उभी होते, अर्ज भरताना होते तशीच. पहिली पाटी संपेपर्यंत ऊन कललं, आणि महिना अजून पुढच्या पाटीवर चालू होता.